उंबऱ्याचा दगड

या अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी बाकीची माणसं निवृत्त झालेली आहेत, असं मला सांगण्यात आलं. कुणी वायरमन होते, कुणी कंडक्टर, एक नर्सबाई आहेत. माझं वय त्यांच्या नोकरीपेक्षाही कमी आहे. मी सोलापुरात इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते आणि शनिवार-रविवारी, सुट्टीत लोकांना बदामी, ऐहोळे, पट्टदकल दाखवायला घेऊन जाते. याला काम म्हणावं की नाही, हे मलाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून लिहायला आधी नाहीच म्हणाले. पण मागच्या हिवाळ्यात बदामीच्या पठारावर जे झालं, त्यानंतर मला हे काम वाटायला लागलं आहे.

गाडी रज्जाकचाचांची आहे. विजापूर रोडला त्यांचं छोटं ऑफिस आहे आणि बाहेर एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी असते. पहिल्या वर्षाला असताना मी तिथं फोन घ्यायला लागले. एकदा त्यांचा नेहमीचा गाईड आलाच नाही. चाचांनी मला विचारलं, "तू हिस्ट्री पढती ना? चल फिर." मी तोवर बदामी पाहिलेलीच नव्हती, हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

मी मंद्रूपची. आमच्याकडं काळी सपाट रानं. उभं राहिलं की दूरवर दुसऱ्या गावाच्या पाण्याची टाकी दिसते, इतकी सपाट. बदामीत गाडी वळली आणि लाल खडकाचे कडे एकदम अंगावर आल्यासारखे उभे राहिले. त्या कड्याच्या पोटात कोरलेली देवळं, खाली हिरवं तळं, आणि तळ्यापलीकडं पुन्हा तसाच लाल कडा. मी माईक हातात धरून नुसती बघत बसले. मागून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, बोला की काहीतरी." चाचांनी आरशातून पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, पत्थर कई भागके नई जाते. पब्लिक भागती. पैले पब्लिक कू देखने का."

आमच्या धंद्याची हीच पहिली शिकवण. लेण्याची माहिती पुस्तकातून मिळते. माणसं सांभाळायची कशी, ते चाचांनी शिकवलं. डोकी मोजायची नाहीत, कारण माणसं हलत असतात आणि मोजणारा चुकतो. त्याऐवजी सकाळी गाडीतच जोड्या लावायच्या. प्रत्येकानं दिवसभर आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवायचं. निघताना आपण फक्त विचारायचं, "जोडीदार आहे का?" सगळीकडून होकार आला की निघायचं. नवरा-बायकोची जोडी लावायची नाही, हाही चाचांचा नियम. भांडण झालं की ते एकमेकांकडं बघतच नाहीत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकांनी पहिल्या लेण्याच्या पायरीवर बूड टेकलं आणि म्हणाले, "मेन पॉइंट कुठला तेवढा सांगा, मी तेवढाच बघतो." एका बाईंनी गुहेत शिरल्यावर विचारलं की इथं पंखा का बसवला नाही. एका काकांच्या हातातून वानरानं शेंगाचटणीचं पाकीट हिसकावलं. काका निवांत हसत होते, म्हणाले, आपली सोलापूरची चटणी आहे, आता त्याला कळेल. वानरानं सगळी चटणी चाटूनपुसून खाल्ली आणि परत येऊन काकांच्या पिशवीतली कडक भाकरी नेली. काकांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

असे धक्के मला चालायचे. गाडीत पुन्हा सांगता येतात. ज्याबद्दल लिहायचं आहे तो धक्का मात्र मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

आमच्या मंद्रूपच्या बचत गटातल्या बायकांची सहल होती. त्यात माझी आई होती. आईनं तोवर देवदर्शन सोडून कुठला प्रवास केलेला नव्हता. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात आणि आईही घमेली उचलायला जाते. दोघांनी मिळून किती जणांची घरं उभी केली, त्याचा हिशोब नाही. आम्ही स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी काय काम करते, हे आईला नीट कळलेलं नव्हतं. तिला वाटायचं, मी देवळात माईकवर गाणी लावते.

गाडी भीमेचा पूल ओलांडून गेली तशी चंपाकाकूंनी सुरुवात केली. त्या आमच्या शेजारी राहतात आणि गटाच्या अध्यक्ष आहेत. "शांते, तुजी पोरगी सायबीन झाली की गं. आमाला जोड्या लावून बसवतीया. उद्या अंगठे धरून उबं करंल."

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला धरता येत्यात व्हय अंगठे? पोट मदी येतंय की."

सगळ्या हसल्या. जोड्या लावताना शेवटी आई एकटी उरली. मी म्हणाले, "आई, तू माझी जोडीदार." तिला ते फार आवडलं. वाटेत कोल्हारला दही घ्यायला थांबलो तेव्हा ती माझी ओढणी धरून उतरली.

लेणी बघून झाल्यावर मी त्यांना मागच्या पठारावर नेलं. तिथं आत एका मोठ्या खडकाखाली कपार आहे आणि तिच्या भिंतीवर आदिमानवानं काढलेली लाल चित्रं आहेत. सहलीच्या गाड्या तिथं फारशा जात नाहीत, कारण चालावं लागतं. उघड्या खडकावर पायवाट उमटत नाही. जिथं वळायचं तिथं मी जाताना तीन दगडांची लहानशी चळत रचते, खाली मोठा, वर लहान, म्हणजे परतताना वाट सापडते. डोंगरात फिरणारे सगळेच असं करतात. मागून येणाऱ्या बायकांनी ते पाहिलं होतं. मी काय करते आहे, असं आईनं विचारलंही होतं. "वाटेची खूण," मी सांगितलं होतं.

कपारीत पोचल्यावर त्या भिंतीजवळ सरकल्या. भिंतीवर माणसं होती, काड्यांसारखे हात-पाय असलेली. एक बैलासारखं जनावर होतं. मी सांगितलं की हजारो वर्षांपूर्वी माणसं इथं राहत होती.

"अन् ह्यांची घरं कुटं?" चंपाकाकूंनी विचारलं.

"हेच घर," मी म्हणाले.

काकू वर बघत राहिल्या. "आन् अजून उबं हाय," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात एकीला घेरी आली. ती सकाळपासून उपाशी होती, उपवास असल्याचं तिनं सांगितलं नव्हतं. मी तिला सावलीत आडवं करून पाणी पाजत होते, पायाचे तळवे चोळत होते. बाकीच्या बाहेर मोकळ्या खडकावर गेल्या. त्यांचे आवाज, दगडांचे आवाज येत होते. मला वाटलं, बसायला जागा करत असतील. मध्ये एकदा आईचं बोलणं कानावर आलं, "उंबऱ्याबिगर घर कसलं? म्होरं एक आडवा दगुड लाव." मी घेरी आलेल्या बाईंच्या तोंडात खडीसाखर घालत होते. त्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही.

त्या बाईंना उभं करून बाहेर आले आणि समोर पाहिलं.

सगळ्या पठारावर दगडांच्या चळती उभ्या होत्या. तीन दगडांच्या, पाच दगडांच्या, शेजारी शेजारी, लांब लांब, झुडपांमागं, चढावर, उतारावर. डोंगरावरच्या देवाला गेलं की आमच्याकडं दगडावर दगड रचून घर मागतात. ज्याला घर नाही तो स्वतःसाठी रचतो, ज्याला आहे तो पोरासाठी. इतक्या जुन्या घरापाशी आलो, तर इथं मागितलेलं नक्की मिळणार, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या कामाला लागल्या. काहींनी माझ्या खुणांचेच दगड उचलून आपल्या घराला लावले होते. तयारच होते ना ते.

माझी वाट नाहीशी झाली होती. म्हणजे उलट, जिकडं बघावं तिकडं वाटच वाट दिसत होती.

मी घाबरले, पण दाखवलं नाही. तळ्याची दिशा मला माहीत होती. मोठ्यानं विचारलं, "जोडीदार आहे का?"

"हाय."

"हाय की."

"ही काय बसलीया, दगुड चोरती माजं."

सगळ्यांचा होकार आला. आम्ही चालायला लागलो. मी पुढं होते, नजर झुडपांवर आणि सूर्यावर. बरंच अंतर गेल्यावर चंपाकाकू मागून म्हणाल्या, "अगं रूपे, शांता तुज्यासंगट न्हाय व्हय?"

मी वळले. सगळ्या होत्या. आई नव्हती.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही. प्रत्येकीला तिची जोडीदार मी विचारली होती. मला माझी जोडीदार कुणी विचारली नव्हती, कारण विचारणारी मीच होते.

मी हाक मारली, "आई." समोरच्या कड्यावरून माझी हाक परत आली. मग उजवीकडून, मग मागून आली. माझाच आवाज मला तीन ठिकाणांहून आईला हाका मारत होता. मग बाकीच्या ओरडायला लागल्या, "शांते, ए शांते," आणि सगळा डोंगर शांता शांता करायला लागला. अशा गोंधळात आई ओ देत असली तरी ऐकू येणार नव्हतं. मी सगळ्यांना गप्प केलं. मग फक्त वारा. मोबाईलला रेंज नव्हती.

ते पठार सपाट दिसतं, पण तसं नाही. मधूनच खडक दुभंगलेला असतो आणि भेग वरून झुडपानं झाकलेली असते. कडेला तर सरळ कडाच आहे, खाली तळ्यापर्यंत. हे मी प्रत्येक सहलीला सांगते, त्या दिवशीही सांगितलं होतं.

धंद्याचा नियम असा की गाईडनं घोळका सोडायचा नाही. एक हरवलं तर बाकीचे हरवू द्यायचे नाहीत. चाचांनी हे मला अनेकदा सांगितलं आहे आणि मला पटलेलंही आहे. पण ते एक माणूस माझी आई असेल, असं चाचांनी कधी सांगितलं नव्हतं. मी तिथंच उभी राहिले. पुढंही नाही, मागंही नाही. घेरी आलेल्या बाई परत खाली बसल्या होत्या.

चंपाकाकू माझ्याजवळ आल्या. त्यांनी थट्टा केली नाही. "आमी हितंच बसतो," त्या म्हणाल्या. "येकीला बी उटू देत न्हाय. माज्या परवानगीबिगर कुनी लघवीला बी जायाचं न्हाय. तू जा."

मी त्यांना एका मोठ्या खडकाच्या सावलीत बसवलं आणि परत गेले. चळतींमध्ये आल्यावर पुन्हा तेच. कुठली चळत कुणाची? आई यातल्या कुठल्या खुणेमागं गेली असेल? मी एकीकडून दुसरीकडं पळत होते. एका चळतीवरून पुढची दिसे, तिच्यावरून आणखी दोन. तेव्हा मला कळलं की आईचंही असंच झालं असणार. ती आडोशाला गेली असेल, परत येताना तिला दगड दिसले असतील, आणि माझी खूण समजून ती चालायला लागली असेल.

मग एका ठिकाणी मी थांबले. ती चळत तीनच दगडांची होती, अगदी माझ्यासारखी, खाली मोठा, वर लहान. पण तिच्या पुढ्यात एक लांबट दगड आडवा लावलेला होता. नीट, हलणार नाही असा बसवलेला.

उंबऱ्याबिगर घर कसलं.

त्या उंबऱ्याच्या दिशेनं पाहिलं. बऱ्याच लांब, झुडपाच्या पलीकडं, आणखी एक चळत होती. धावत गेले. तीन दगड, पुढं आडवा दगड. तिथून पुढं आणखी एक. मधे दुसऱ्या कुणाचीच चळत नव्हती, इतक्या लांब कुणी आलेलंच नव्हतं. आईला कळलं होतं की आपण चुकलो. आणि तिनं मला जे करताना पाहिलं होतं तेच ती करत गेली होती, मी मागून येईन म्हणून. फक्त तिच्या हाताला उंबरा न लावता पुढं जाता येत नव्हतं.

शेवटची चळत दोनच दगडांची होती. तिसरा दगड बाजूला पडला होता, आणि त्याच्या पुढं जमीन नव्हती. आईची एक चप्पल कडेला उलटी पडली होती. तिच्यापलीकडं हवा, आणि खाली खोल तळ्याचं हिरवं पाणी. घाटावर कुणीतरी धुणं धूत होतं, इतकं बारीक दिसत होतं.

मी पोटावर आडवी झाले. सरकत कडेपाशी गेले आणि खाली डोकावले.

माझ्या छातीएवढं खाली खडकाचा एक ओटा होता. आई त्याच्यावर पाय पसरून, पाठ भिंतीला लावून बसली होती. घोटा टम्म सुजला होता. पदर डोक्यावरून घेतला होता, मांडीवर पाण्याची बाटली होती. तिनं वर बघितलं.

"आलीस?" ती म्हणाली. "आन् बाकीच्या बाया कुटं सोडल्यास?"

मला रडूही आलं नाही. मी म्हणाले, "बसवल्यात सावलीला."

"येकटं सोडून आलीस? कामावर अशी वागतीस व्हय?"

"चंपाकाकू आहेत."

"मग बरं," आई म्हणाली. मग तिनं बाटली कमरेला खोचली. 

मी खाली उतरले. त्या ओट्यावर दोघींना जेमतेम जागा होती. आई म्हणाली, "खाली बघू नगं. घमेलं उचलतो तशी उचल. गुडघ्यात वाक, पाठीत न्हाय." मी तसंच केलं. तिनं वरचा खडक चाचपून एक पकड शोधली, ती हलवून बघितली, मगच तिच्यावर भार टाकला. ती वर गेली. मग मी गेले. वर आल्यावर आम्ही दोघी तशाच खडकावर पडून राहिलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "ह्ये काम करतीस व्हय तू. ह्ये काम करतीस." अभिमानानं म्हणत होती की भीतीनं, मला अजून कळलेलं नाही.

परत येताना ती माझ्या खांद्यावर भार टाकून लंगडत होती. कड्याकडच्या तिच्या खुणा मी पायानं बाजूला सारत आले. बायकांपाशी पोचलो. चंपाकाकूंनी पदराची पट्टी फाडून तिचा घोटा बांधला. मग म्हणाल्या, "शांते, पुडं पुडं करायची खोड हाय तुजी." आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मला एक गोष्ट बोलायची होती आणि ती बोलवत नव्हती. या वाटेनं दुसरे लोक येतात. दुसऱ्या दिवशी चाचांच्याच गाडीतून एका शाळेची मुलं येणार होती. दगडावर दगड दिसला की माणूस त्याला खूण समजतो. मी तसं सांगितलं.

एकजण म्हणाली, "पन आपल्या हातानं घर कसं मोडायचं गं?" दुसरी म्हणाली, तिनं सुनेसाठी रचलं होतं, सून दोन जिवांची आहे.

आई माझ्या खांद्याला धरून उठली. मग म्हणाली, "माजं पयलं मोडू द्या."

सगळ्या तिला धरून कपारीपाशी परत आल्या. तिचं खरं घर कपारीसमोरच होतं, चांगलं दुमजली. ती त्याच्याजवळ बसली. तिनं ते ढकललं नाही. वरचा दगड उचलला, बाजूला ठेवला. मग खालचा. शेवटी उंबरा उचलला, त्यावरची माती बोटांनी झटकली आणि तोही ठेवला. मग खडकाला हात लावून कपाळाला लावला.

एकेक जण उठली. आपापल्या घरापाशी गेली आणि तसंच करायला लागली. कुणी घाई केली नाही. पठारभर दगड ठेवल्याचे आवाज येत होते. मी इथं येऊन प्रत्येक वेळी पडलेल्या देवळांबद्दल बोलते, कोणी पाडलं, कधी पडलं. ज्यांचं घर आहे त्यांनीच ते जपून उतरवून ठेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते बघताना मला जे वाटलं, ते कड्यावरून खाली डोकावतानाही वाटलं नव्हतं.

आता मी वर चढण्याआधीच, खाली तळ्याच्या काठाला, लोकांना सांगते की कुणाला घर रचायचं असेल तर इथं रचा, वर नाही. बरेच जण हसतात. पण रचतात. शाळेतली मुलंसुद्धा रचतात.

त्या दिवशी गाडीपाशी आलो तेव्हा चाचांनी आईचा पाय पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि काही न विचारता पुढची सीट मोकळी केली. "अम्मा, पाँव ऊपर रखो." आई पाय वर घेऊन बसली. मी दाराशी उभी राहून नेहमीचं विचारलं, जोडीदार आहे का. मागून होकार यायला लागले. शेवटचा होकार आला आणि मी दार ओढायला हात घातला.

"थांब की," आई म्हणाली. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "माजी जोडीदारीण हाय का बघा कुनीतरी."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"हाय," मी म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.